आण्णांचा स्पीड

"मॅडम, ह्यो आमचा बाप न्हाय."

दत्तात्रयने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. उजनीकाठच्या गावातला केळीवाला शेतकरी, गावच्या भजनी मंडळातला मुख्य गायक. तो लहान असतानाच वडील, म्हणजे आण्णा, गेले. त्यांच्या भजनाची घरात एकच कॅसेट होती. ती कॉम्प्युटरवर घ्यायला तो आईसह सोलापूरला माझ्या स्टुडिओत आला होता.

माझा क्रम ठरलेला आहे. कॅसेट साफ करायची, एकदा पुढेमागे पूर्ण फिरवायची, मगच डेकवर लावून रेकॉर्डिंग. तेवढं सगळं झालं होतं.

"कॅसेट तुमचीच आहे. दुसरं कोण गाणार?"

"आण्णांचा आवाज लई भारदस्त. हितं तर पोरगं गातंय. तुमी कायतरी बिघडवलं. एकच कॅसेट हुती, मॅडम!"

मी डेकचा स्पीड तपासला. बरोबर होता. मग विचारलं, "घरी कशावर ऐकता?"

"आण्णांच्याच टेपवर. गाडीत हाय की."

तो आणायला लावला आणि उघडला. मोटर फिरली की रबरी बेल्टमुळे फीत सरकते. बेल्ट जुना झाला की सैल पडतो, फीत रेंगाळते आणि आवाज जाड होतो. हा बेल्ट सुटलेल्या नाडीसारखा लोंबत होता. दत्तात्रय इतकी वर्षं रेंगाळलेले आण्णा ऐकत होता.

त्याला पटेना. शेवटी आईंच्या कानाला हेडफोन लावला. दोन ओळी ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला. रडतात की हसतात, कळेना.

"ह्येच की! बारीक आवाज. सासूबाई म्हणायच्या, मुलगी व्हायची ती मुलगा झाला."

"आये, मग कधी बोलली का न्हाईस?"

"टेप लावलास की मी गोठ्यात जायची. मला वाटायचं, मशिनीत गेलं की समद्यांचाच रेडा हुतो."

दत्तात्रय खुर्चीत बसला. "मी घसा दाबून दाबून आवाज खाली आणला. मंडळातली पोरं म्हणत्यात, बापाचाच गळा."

"ती बी तोच टेप ऐकत्यात की."

मी दोन फाइल केल्या. बरोबर स्पीडची आईंना, मुद्दाम हळू केलेली दत्तात्रयला. दोघांनाही फाइलचं नाव 'आण्णा' असंच हवं होतं, म्हणून दोन पेनड्राइव्ह दिले. जाताना तो दारातून हळूच म्हणाला, "मंडळातलं कुणी आलं तर माझीच फाइल लावा."

आता कॅसेट हातात घेण्याआधी मी घरचं मशीन कोणतं ते विचारते. आणि गाणाऱ्याला समोर बसून ऐकलेलं कुणी सोबत आलं असेल, तर हेडफोन आधी त्यांना देते.