हातावर लिहिलेला भूतकाळ

फिटरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चाळीस वर्षं पाइप जोडून झाले, तरी निवृत्तीनंतर त्याने पंपघरातली सकाळची पाळी धरली होती. घेतलेलं माप डाव्या मनगटाच्या वर पेनाने लिहायचं, ही जुनी सवय. कागद हरवतो, हात हरवत नाही. आणि जोड गळला, तर पुरता उघडून स्वतःच्या वेळात पुन्हा करायचा. वरून पट्टी गुंडाळणाऱ्याची तो सगळ्यांसमोर बिनपाण्याने करायचा.

लेक स्पॅनिश बोलणाऱ्या घरात दिली होती. विहीणबाई महिनाभर राहायला येणार होत्या. त्यांच्याशी चार शब्द बोलता यावेत, म्हणून गडी संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसला. पूर्वी आपण काय करायचो, कुठे राहायचो, हे सांगायचा भूतकाळ शिकायला आला आणि गाडी अडली. ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना प्रत्यय आबा, आबास, आबा, आबामोस, आबाइस, आबान. ‘एर’ आणि ‘ईर’वाल्यांना ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन. रात्री पाठ, सकाळी पाटी कोरी.

परीक्षेला त्याने ते सगळं हातावर उतरवलं आणि बाही खाली ओढली. सवयच आहे, असं स्वतःला बजावलं. म्हाताऱ्याच्या बाहीत कोण डोकावतंय? चाळीसपैकी अडतीस पडले. बायकोने प्रमाणपत्र चौकटीत घालून टीव्हीच्या वर टांगलं आणि सगळ्या आळीला सांगितलं.

विहीणबाई आल्या, सोबत लेकही. चौकटीकडे बघून कौतुकाने काहीतरी बोलल्या.

“बाबा, तुम्ही काय काम करायचात, असं विचारतायत त्या,” लेक म्हणाली. “सांगा की, अडतीसवाले!”

“यो...” म्हणजे ‘मी’, एवढंच फुटलं. डोळे आपसूक मनगटाकडे गेले. मनगट कोरं होतं.

“लाजतायत हो,” बायको हसली.

विहीणबाईंनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो वर्गाच्या बाईंपुढे उभा राहिला. हातावर लिहून आणलं होतं, हे खाली मान घालून सांगितलं.

“अहो काका, निकाल लागून गेला. आता मी काय करू?”

“जोड गळका आहे. पहिल्या धड्यापासून बसवा.”

घरी येऊन त्याने चौकट उतरवली.

“आता लोकांना काय तोंड दाखवू?” बायको तणतणली.

“तुझं दाखव. माझं मी बघतो.”

महिनाअखेर पंपघराचा पगार झाला. त्यातून त्याने त्याच वर्गाची फी दुसऱ्यांदा भरली आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडून पहिल्या बाकावर बसला.