आठव्या पिढीचं बेणं

वंश राखणं भल्याभल्या राजघराण्यांना जमलेलं नाही. दत्तक शोधता शोधता त्यांचे कारभारी थकले. पण माझ्या साडूच्या वडिलांनी शिवाजी पेठेतल्या आपल्या गच्चीवर एक कुळ सोळा वर्षं अखंड, निर्भेळ आणि औरस राखलं. कुळ कांद्याचं होतं.

हे गृहस्थ मोजणी खात्यातून निवृत्त झाले. शेवटच्या मोजणीला हातकणंगल्याकडे गेले असताना कुणा शेतकऱ्यानं त्यांना मूठभर कांद्याचं बी दिलं. सरकारी माणसाला शेतकरी काय काय देत आलेला आहे. मूठभर बियाण्यावर समाधान मानणारे हे एकटेच. एवढं त्यांच्या बाजूनं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं नाही. कांद्याचा संसार दोन वर्षांचा असतो. बी टाकलं की पहिल्या वर्षी कांदे येतात. त्यांतले निवडक जपून ठेवून कार्तिकात पुन्हा पुरले की दुसऱ्या वर्षी त्यांना गोंडे येतात आणि गोंड्यांतून नवं बी मिळतं. ते वेळेत पेरलं नाही तर मरतं. म्हणजे एकदा चुकलं की कुळ बुडालं. 'दुकानात बी मिळतं की,' असं मी एकदा सहज म्हणालो, तर त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

गच्चीचा त्यांनी स्वहस्ते सातबारा तयार केला आहे. क्षेत्र : टोमॅटोचे चौदा क्रेट आणि एक मेलेला कूलर. पीक : कांदा. 'इतर हक्क' या रकान्यात 'सुनेस कपडे वाळत घालण्यापुरती वहिवाट' अशी नोंद आहे आणि गोंडे फुलले की ती वहिवाट स्थगित होते. शेवटचा 'शेरा' हा रकाना मात्र सोळा वर्षं कोरा होता. का, ते मी विचारलं नाही. त्यांना काही विचारलं की तास जातो. खोटी नोंद हा त्यांच्या लेखी खुनापेक्षा मोठा गुन्हा. 'खून एकाचा हुतोय, पावणं,' ते मला म्हणाले होते, 'खोट्या नोंदीपायी तीन पिढ्या कोर्टात जात्यात.'

आता मला सांगा, असा माणूस नात्यात असावा का? पीक निघालं की उत्तम कांदे बियाण्याला जात, त्यांच्या खालचे 'न जाणो' म्हणून राखीव राहत, आणि जोडकांदे, डागाळलेले, मानेपाशी मऊ पडलेले असे सगळे नातेवाइकांना समारंभपूर्वक वाटले जात. माझ्या वास्तुशांतीला लोकांनी भिंतीवरची घड्याळं दिली; यांनी रुमालात गुंडाळून एक जोडकांदा दिला आणि त्याच्या पूर्वजांवर पंधरा मिनिटं बोलले. गुरुजी अक्षता हातात घेऊन ताटकळले. एकदा यांच्याबरोबर मिसळ खायला जायचा अविचार मी केला. कांद्याची वाटी आली तशी यांनी एक फोड चिमटीत धरून वाढणाऱ्याला विचारलं, 'ह्येचा बाप कोण?'

'बाजारातला हाय, मालक.'

'म्हंजे बेवारशी,' असं म्हणून त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. मी तो कांदा चोरीचा माल खावा तसा खाल्ला. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीत पेल्यातल्या पाण्यावर एक मोड आलेला कांदा ठेवला होता. त्याला गोंडा येताच, 'आपल्या कांद्याचे पराग मधमाश्यांमार्फत आमच्या हद्दीत अतिक्रमण करीत आहेत' असं लेखी पत्र त्यांना गेलं. साडूची बायको, म्हणजे माझी मेहुणी, मला म्हणते, 'दाजी, घरावर कांदा पिकतोय आणि मी पिशवी घेऊन मंडईत जाते. हे कुणाला सांगायचं?' मला सांगते, हेच तिचं उत्तर.

पण माझा खरा संताप निराळाच आहे. बियाण्याचे आणि राखीव मिळून निवडलेल्या अकरा कांद्यांना ते 'बेणं' म्हणतात. (आमच्या कोल्हापुरात हा शब्द उसाच्या कांड्यांना लावतात आणि नालायक माणसालाही.) हे बेणं आषाढापासून कार्तिकापर्यंत जाळीच्या पिशवीत वाऱ्यावर टांगावं लागतं. ते टांगायचं कुठे? तर माझ्या खोलीच्या खिडकीत, माझ्या पुस्तकांच्या डोक्यावर! ते म्हणाले, 'आमच्यात आठवड्यातनं दोनदा मटण. कांदा टिकल व्हय? तुमच्या मातोश्री चातुर्मास पाळत्यात. चार म्हयनं घरात कांदा शिजत न्हाय. बँकेच्या लॉकरपरास सुरक्षित.' माझ्या आईच्या धर्माचा असा उपयोग कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

एरवी ते एकादशीला, म्हणजे चातुर्मास लागला की, येत. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मधे आली म्हणून अष्टमीलाच पिशवी घेऊन हजर झाले. 'आठवी पिढी हाय, पावणं. जपा,' असं बजावून गेले. मी ती खिडकीत टांगली आणि रागाच्या भरात घरात कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. आपलं घर म्हणजे काय गोदाम आहे का?

दुसऱ्या दिवशी कांदेनवमी होती. चातुर्मासाआधी घरातला कांदा संपवायचा दिवस. संध्याकाळी मी परतलो तेव्हा ताटात भजी होती, पीठ पेरलेली भाजी होती, थालीपीठ होतं. आई म्हणाली, 'सगळं घर शोधलं बाबा. तुझ्या खोलीतसुद्धा एक पिशवी निघाली. आता घरात औषधाला कांदा नाही.' माझ्या हातात तेव्हा नववं भजं होतं. ते मी खाल्लं; त्याला परत पुरून उपयोग नव्हता.

चार दिवस धीर झाला नाही. पाचव्या दिवशी शिवाजी पेठेत गेलो. ते हिरवी पट्टी आणि काळा चष्मा लावून रिकाम्या क्रेटांपाशी खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. भांडणाची सगळी तयारी मी करून गेलो होतो : माझी खिडकी, माझी पुस्तकं, तिथी बघायची जबाबदारी कुणाची. त्यांनी हातानं चाचपून एक क्रेट जवळ ओढला. मग म्हणाले, 'बेणं!' हे कांद्यांना उद्देशून होतं की मला, याचा खुलासा मी मागितला नाही.

'लागला कसा?' त्यांनी विचारलं.

'म्हणजे? तुम्ही कधी...'

'बेणं कोण खातंय व्हय, पावणं? सोळा वर्सं चांगला तेवढा पुरला. खाल्ला तो डागी. खरी चव काय, ती म्हाईतच न्हाय.' मग, मोजणीत बांधाचा दगड सापडला का हे विचारावं तशा आवाजात, 'गोड हुता?'

मी म्हणालो, 'साखर, मामा.'

त्यांनी मान हलवली. खोलीतून सातबाऱ्याची वही आणवली. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून पेन माझ्या हातात दिलं आणि शेऱ्याच्या रकान्यावर अंदाजानं बोट ठेवलं. बोट 'इतर हक्का'वर पडलं होतं. मी ते हलकेच शेजारी सरकवलं. 'लिवा. गोड. आन् खाली सही करा. खाणाऱ्याची.' मी लिहिलं, सही केली.

यंदा कार्तिकात त्यांनी क्रेटांत मेथी टाकली आहे. तिचा बाप कोण, हे ते कुणाला सांगत नाहीत. मेहुणीचे कपडे आता रोज गच्चीवर वाळतात. कुणी आलं की ते वही काढून शेरा दाखवतात आणि सही कुणाची तेही सांगतात.

त्या दिवशी भज्यांत मीठ दोनदा पडलं होतं. दुसरी कुठलीही चव लागत नव्हती.