चौदा सालची डेन्व्हरची पेनी

हार्लन फोगेलसांगला मी सलग पाच मिनिटं बसलेलं कधी पाहिलं नाही. ओमाहा ते शिकागो टपालाच्या डब्यात त्याने तीस वर्षं काढली, धावत्या गाडीत उभ्याने पत्रं खणात लावत. सहा दिवस गाडीवर, सहा दिवस घरी. सदुसष्ट साली तो डबाच बंद झाला आणि हार्लन कायमचा घरी आला, आमच्या शेजारच्या घरी. हात मात्र थांबेनात.

"माझ्या मसाल्याच्या बाटल्या त्याने तीनदा लावल्या," त्याची बायको नदीन म्हणायची. "आता दालचिनी कुठल्या गावाला गेली कोण जाणे!"

मग त्याने पेन्या धरल्या, एका सेंटची तांब्याची नाणी. सोमवारी बँकेतून पन्नास-पन्नास पेन्यांचे वीस रोल आणायचे, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभं राहून फोडायचे, प्रत्येक पेनीवरचं साल आणि त्याखालचं टांकसाळीचं इवलंसं अक्षर भिंगातून बघायचं. नको त्या बादलीत. बादली पुढच्या गावच्या बँकेत; आपल्याच बँकेत भरली तर त्याच पेन्या परत पदरात पडतात. निळ्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये प्रत्येक पेनीसाठी एक गोल खाच होती. सगळ्या भरल्या, एक सोडून : एकोणीसशे चौदा, डेन्व्हरच्या टांकसाळीची.

"दुकानातून घेऊन टाक," मी एकदा म्हटलं.

"दुकानातून मासा आणून कुणी गळ टाकल्याचं सांगतं का?"

त्या खाचेवर नदीनचं सगळं अडलं होतं. मुलगी कोरिन तिच्याकडे टुसॉनला, गरम हवेत राहायला बोलावत होती. आयोवातल्या थंडीने नदीनची बोटं आखडायची, बरणीचं झाकण फिरेना. "अल्बम भरला की त्याच दिवशी सामान बांधू," असं हार्लनने कबूल केलं होतं. त्याला तीन वर्षं झाली.

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत ती माझ्या दारात आली. "गाडी काढ. ओमाहाला जायचंय."

नाण्यांच्या दुकानात तिने सांगितलं, "चौदाची डेन्व्हर. तुमच्याकडची सगळ्यात मळकी द्या."

दुकानदार हसला. "बाई, लोक चकचकीत मागतात."

"लोकांचे नवरे भिंग घेऊन बसत नसतील."

दोन हिवाळे शिवलेली रजई विकून आलेले पैसे तिने तिथे मोजले. सोमवारी हार्लन बर्फ ढकलायला बाहेर गेला, तेव्हा तिने हाताने बांधलेला एक रोल उघडला, त्यातली एक पेनी काढून ही घातली आणि कागदाची टोकं तशीच दुमडली.

मी मुद्दाम कॉफीला गेले. नदीन मफिन कापत होती. एकाचे चार, चाराचे आठ.

"अगं, भुगा करतेस का त्याचा?" हार्लन म्हणाला आणि त्याने तो रोल फोडला.

एकेक पेनी सरकत होती. मग एक थांबली. त्याने ती खिडकीपाशी नेली, भिंग लावलं, भिंग पुसलं, पुन्हा लावलं.

"आणखी एक?" तो म्हणाला.

नदीनची सुरी थांबली. "आणखी?"

त्याने तोंड मिटलं, पण उशीर झाला होता.

"पहिली कुठेय, हार्लन?"

"तळघरात. दाढीच्या पात्यांच्या डबीत."

"कधीपासून?"

"एकोणसत्तरच्या ऑगस्टपासून."

"म्हणजे दोन हिवाळे." तिने सुरी खाली ठेवली. "गेल्या वर्षी पायरीवर घसरून माझं मनगट मोडलं, तेव्हा होती डबीत?"

"तीस वर्षं मी जातच होतो, नदीन. आता कुठे हे घर माझं वाटायला लागलं, तर पुन्हा—"

"तू जात होतास. मी इथेच होते. तीस वर्षं! तू परत आलास म्हणून आता मी निघायचंही नाही?"

मला उठून जायचं होतं, पण दाराच्या वाटेत हार्लन येरझारा घालत होता. नदीनने फोन फिरवला.

"कोरिन, मी येतेय. गुरुवारच्या बसने." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. तिने रिसीव्हरवर हात ठेवला. "एक की दोन?"

तो टेबलावरच्या पेन्यांची चळत रचत राहिला. मोडली, परत रचली. "मार्चमध्ये बघू," तो म्हणाला.

"एकच," नदीनने फोनमध्ये सांगितलं.

गुरुवारी तिची बॅग त्यानेच बसमध्ये चढवली. ओमाहाची पेनी तिने बरोबर नेली. तळघरातली त्याच्याकडे आहे. अल्बममध्ये बसवली का, मी विचारलं नाही.

रविवारी दुपारपासून तो चौथ्यांदा माझ्या दाराशी आला. कोट अंगात, टोपी विसरलेली.

"टुसॉनला आत्ता किती वाजलेत?"

टपालातल्या माणसाला हे झोपेतही सांगता यायला हवं. तरी मी सांगितलं, "आपल्याहून एक तास मागे."

"म्हणजे अजून चर्चहून यायची असेल, आत्ता फोन करून उपयोग नाही," तो म्हणाला. त्यांचं चर्च कधीच सुटलं असणार. तो माझ्या व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला.