आत वाकलेला हूक

ह्ये मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, आईला न्हाई. म्हसवडला सिद्धनाथाच्या पुढं एकदा सांगायला म्हणून हात जोडले हुते, पण तोंडातनं निघालं काय — तर "देवा, डिझेल जरा स्वस्त हू दे." देवबी हसला असंल. तुला सांगतो. चहा घे. उद्या दसरा हाय, गाड्यांची पूजा हाय, सासरे येणार हायत, आन् त्येच्या आत मला एकदा ह्ये तोंडातनं भाईर काढायचं हाय.

पण आधी गोड सांगू दे गड्या. कडू कुठं पळून चाललंय?

ती दारातली शेंदरी पिकअप बघितलीस न्हवं? मागं "नाद करायचा न्हाई" लिवलंय ती. आमी तिला म्हातारी म्हणतो. माझ्या लग्नाच्या आधी ती सांगलीत एका भंगारवाल्याच्या आवारात पडली हुती. चाकं न्हाईत, काच न्हाई, आन् डायवरच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. सुकुमारनं शोधली ती. सुकुमार म्हंजे माझा दोस्त, सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याचा पोरगा. आमी दोघं साताऱ्यात एकाच गॅरेजात काम शिकलो. उंच, काटकुळा, सदा दात काढून हसणारा. फोनवर वरडला, "पळत ये रं, हिचं चेसिस सरळ हाय!" आईशप्पत, पुढं पोरगी बघायला गेलो तवाबी एवढा पळालो न्हाई.

मी गेलो, गाडी उचलायला निघालो, तर ह्यो मधी उभा. म्हणाला, कोंबडी बसलीया. पिल्लं निघाल्याबिगर सीट हलवायची न्हाई. आता बोल! भंगारवाला हसून हसून बेजार. पण सुकुमार म्हंजे सुकुमार — मुंगी दिसली तर पाना बाजूला ठेवणारा गडी. थांबलो की. पिल्लं निघाली, तुरुतुरु चालली, आन् मग आमची म्हातारी टेम्पोत बसून साताऱ्याला आली.

काय दिवस हुते ते! सुट्टी म्हणून कवा घेतली न्हाई. इंजिन खोललं, पत्रा ठोकला, मागच्या स्प्रिंगला एक पाटा जादा घातला, टायर मोठं चढवलं. सायलेन्सर मी कापला. गाडी आली की अर्ध्या साताऱ्याला कळायला पायजे, ही आपली अक्कल. पहिल्यांदा सुरू झाली तवा तिनं असा काळा धूर सोडला की सुकुमारचा पांढरा शर्ट शाळेच्या फळ्यावानी झाला. आन् आमी दोघांनी गॅरेजात फुगडी घातली. दोन बाप्ये माणसं — फुगडी! एकच गोष्ट जुनी राहिली, इंजिनाचा जोर चाकांना देणारी क्लचप्लेट. सुकुमार म्हणाला, बदल. मी म्हणालो, चालतीया की.

चालतीया की. ह्या दोन शब्दांनी माझी पुढची सगळी गोष्ट केली बघ.

आता सासऱ्यांचं. त्यांना मी मामा म्हणतो. फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त, सगळी नोकरी लष्कराच्या ट्रकवर. गाव महाबळेश्वराकडं, डोंगरात, स्ट्रॉबेरीचं. पोरीसाठी मला बघायला खाली साताऱ्याला आले. शिक्षण इचारलं न्हाई, जमीन इचारली न्हाई. म्हातारीच्या भोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आन् म्हणाले, "मला घाटानं वर सोड. गाडी कशी हाकतोस ते बघतो. ज्येला गाडी कळती त्येला घर कळतं." माझी बायको आता म्हणती, कळलं लयच घर, चहाची कपबशी कुठं असती ते अजून ठावं न्हाई. पण त्या दिवशी माझी टराटरा फाटली हुती. पोरीचा फोटो बघितला हुता ना मी. मला तीच पायजे हुती.

सुकुमारबी त्याच दिवशी वर निघाला हुता, सोतःची नवी पिकअप घिऊन. वरच्या गावचा स्ट्रॉबेरीचा माल त्येला मिळायचा हुता, सुभेदारांनी शब्द टाकायचा हुता. नाजूक फळ, हात हलका पायजे, आन् सुकुमारसारखा हलका हात साऱ्या जिल्ह्यात नव्हता. त्येच्या गाडीतनं अंडी भरून नेली तरी एक फुटणार न्हाई. म्हंजे बघ, एकाच घाटात दोघांचं नशीब निघालं हुतं. माझं पुढं, त्येचं मागं.

मेढ्याच्या पुढं घाट सुरू व्हायला, आन् सुकुमारची गाडी बंद. डिझेलच्या लायनीत हवा धरली. पंप मारमार मारला, न्हाई म्हणजे न्हाई. मग काय, टोचन. बंद गाडी चालत्या गाडीला बांधून वढत न्यायची, ह्येला आमी टोचन म्हणतो. घाटात दोरीवर भरवसा नको म्हणून आमी मधी लोखंडी पाइप घातला, माझ्या मागच्या हुकात एक टोक, त्येच्या पुढच्या हुकात दुसरं. मामा माझ्या शेजारी बसले. खूश हुते. म्हणाले, "आता कळंल गाडीत दम किती हाय."

पहिली दोन वळणं म्हातारी वाघिणीसारखी गेली. काय सांगू तुला! जिच्या सीटवर कोंबडी बसली हुती ती नव्या गाडीला वढतीया! गाणं म्हणायचंच तेवढं राहिलं हुतं.

मग वास आला.

तुला क्लचप्लेट जळल्याचा वास ठावं हाय? कुबट, तिखट, नाकात जाऊन बसतो. माझं इंजिन गुरगुरत हुतं आन् गाडी पुढं सरकंना. पायाखाली क्लच घसरत हुता. मामांनी नाक वर केलं. "कसला वास रं?"

आन् मी — इथंच, गड्या, इथंच त्ये झालं. इचार केला नव्हता. म्हंजे... केला नव्हता असं कसं म्हणू? फोटोतली पोरगी डोळ्यापुढं आली, एवढा तर केलाच. मी म्हणालो, "आवं मामा, मागं सुक्या हाय. घाटाला भितो. ब्रेकवर पाय ठिवून बसला असंल. त्येच्या ब्रेकच्या लायनरचा वास हाय."

मामांनी मान हलवली. बसला इश्वास. का बसू नये? माझी म्हातारी तर त्याच क्षणाला झटका खाऊन पुढं निघाली. सरसर. क्लच घसरायचा थांबला न्हाई, पण गाडी चढाय लागली. मलाच कळंना ह्ये काय आक्रीत. उजव्या वळणावर आरशात बघितलं — आन् सुकुमारच्या गाडीमागनं धूर निघत हुता. पांढरा, बारीक, नव्या इंजिनाचा. वढत जाता जाता त्येनं गेर टाकला असंल, हवा निघून गेली, इंजिन सुरू झालं. हॉर्न मारून थांबायचं ना? पण त्येच्या नाकातबी वास गेला हुता. त्येला कळलं माझी प्लेट गेली, आन् शेजारी कोण बसलंय तेबी ठावं हुतं.

मधी पाइप हुता. दोरी असती तर ढिली पडली असती. पाइप हुता म्हणून त्यो मला ढकलत हुता.

उरलेला सगळा घाट मी वढला न्हाई. मला ढकललं. कापलेल्या सायलेन्सरच्या दणदणाटात मामांना मागचं इंजिन ऐकू गेलं न्हाई. मी आरशात धूर बघत हुतो, आन् मामा माझ्या पाठीवर थाप मारत हुते. ती थाप मी घेतली.

गावाच्या अलीकडं सुकुमारनं इंजिन बंद केलं. तिथनं उतारच हुता, आमी घरंगळत गावात शिरलो. लोकं जमली. म्हातारीनं नवी गाडी घाट चढवली, सगळी थक्क. सुकुमार खाली उतरला, दगडावर बसला आन् डबा सोडला. दिवस बुडायच्या आत जेवायचं असतं त्येला. कुणीतरी इचारलं, "गाडी बंद पडली व्हय?" त्यो म्हणाला, "बंद पडली हुती." खोटं बोलत न्हाई सुकुमार. कवाच न्हाई. जेवढं खरं तेवढं बोलतो, आन् उरलेलं भाकरीबरोबर गिळतो.

मामांनी मात्र सगळं रंगवून सांगितलं. म्हातारीचा दम, माझा हात, आन् मागच्या भित्र्यानं ब्रेकवर पाय कसा ठिवला त्ये. लोकं हसली. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. एवढंच — तोंड उघडायचीबी गरज पडली न्हाई.

त्या दिवसापासनं त्या गावात सुकुमारचं नाव टोचन. "आला बघा टोचन, पाय वर घ्या रं!" स्ट्रॉबेरीचा माल त्येला मिळाला न्हाई. मामा म्हणाले, घाटात ब्रेक चोळणाऱ्याच्या हातात फळ देत न्हाई आपण. माल कुणाला मिळाला असंल? मला. त्याच मालावर ह्ये गॅरेज उभं राहिलं. सुकुमार सांगलीला गेला आन् सपाट रस्त्यावर द्राक्षं न्यायला लागला. साऱ्या जिल्ह्यात हलका हात ज्येचा, त्यो डोंगर सोडून गेला.

आन् माझ्या लग्नात सगळ्यात जास्त कोण नाचला? त्योच. वरात म्हातारीतनं निघाली, हार त्येनंच बांधले. नवी क्लचप्लेटबी त्येनंच बसवली, आहेर म्हणून, कागदात गुंडाळून. मला वाटलं आता बोलंल. त्यो म्हणाला, "आता चालतीया की." आन् खो खो हसला.

संसार गोड झाला गड्या. लय गोड. तीच तर पंचाईत हाय. वाईट झालं असतं तर म्हणालो असतो, फेडलं. पण मला बायको मिळाली ती लाखात एक, पोरगी मिळाली ती माझ्यापरीस शहाणी. दर दसऱ्याला घर भरतं, मामा म्हातारीला नारळ फोडत्यात आन् घाटाची गोष्ट सांगत्यात, सुकुमारच्या समोर. गेल्या साली माझ्या पोरीनं त्येला इचारलं, "काका, तुमी खरंच भ्याला हुता?" त्यो म्हणाला, "पोरी, पुढं तुझा बाप गाडी चालवत हुता. भिऊ न्हाई तर काय करू!" सगळं घर हसलं. मीबी हसलो. पोटभर हसलो, आन् हसता हसता माझी मलाच शिसारी आली.

आता हुकाचं. वढलेला हूक भाईर वाकतो, ढकललेला आत. म्हातारीचा मागचा हूक त्या दिवसापासनं आत वाकलाय. मी त्येच्यावर कायम काळा गोंडा बांधून ठिवतो. लोकं म्हणत्यात, नजर लागू नये म्हणून. बरोबर हाय. मामांची नजर.

परवा म्हातारीला दसऱ्यासाठी रंगाला काढली. सुकुमार आला, मदतीला येतोच. मी पुढं पत्रा घासत हुतो आन् मागनं ठणठण आवाज. जाऊन बघतो तर गोंडा सोडलेला, हूक गॅसवर लाल केलेला, आन् ह्यो शीळ घालत घणानं सरळ करतोय. मला म्हणाला, "मामांना आता दिसंना म्हणून हातानं चाचपत्यात रं. आत वाकल्याला हूक गावला तर तुला उगाच तरास." मग हात धुतलं आन् डबा सोडला. दिवस बुडायला आला हुता.

म्हंजे त्येला सगळं ठावं हुतं. ब्रेकचं मीच बोललो तेबी. आन् एवढ्या सालांनंतर, गड्या, त्यो अजून मला मागनं ढकलत हुता.

आज सकाळी त्यो झेंडू आणायला बाजारात गेला. मी गॅस पेटवला, हूक परत लाल केला आन् घण मारून हुता तसा आत वाकवला. नवा रंग उडाला तिथला, उडू दे. गोंडा बांधला न्हाई. उद्या मामा नारळ फोडतील, गोष्ट काढतील, "मग वास आला" म्हणतील, तिथं त्यांचा हात मी हुकावर ठिवणार हाय. सुकुमारच्या समोर, पोरीच्या समोर. हुकाला तोंड न्हाई, बोलायचं मलाच हाय. काय बोलायचं ते आता म्हणून बघतो, जीभ वळती का ते तरी कळंल.

वास माझ्या क्लचचा हुता. म्हातारीला वर सुकुमारनं नेली. ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता.