पोटुशीच्या घरचा मोहर

हल्ली पुण्याचं कुणी माणूस आलं की "काकू, रानभाजी काय आहे?" असं विचारतं आणि माझं डोकं फिरतं. पूर्वी हीच माणसं वरंध घाटात धबधबे बघायला यायची, आमच्याकडं जेवायला थांबायची आणि ताटात टाकळा दिसला की बाजूला सारायची. आता त्याच टाकळ्याचे फोटो काढतात. जेवायच्या आधी, जेवताना आणि जेवून झाल्यावर. खा की बाबा, पण गप खा.

आमचं गाव हिर्डोशीच्या वरच्या अंगाला. भात, नाचणी आणि मनात येईल तेव्हा येणारी एसटी. मंडई म्हणजे रानच. पावसाळ्यात बाई बांधावर गेली की ओच्यात काहीतरी घेऊनच घरी यायची. त्यात चाईचा मोहर सगळ्यांच्या आवडीचा. चाई ही वेल, झुडपांवर चढते. श्रावण सरता सरता तिला बारीक मण्यांचे तुरे लोंबायला लागतात. ते बोटांनी ओरबडायचे, वाफवायचे, कांदा-लसूण-मिरचीवर परतायचे आणि वर ओलं खोबरं घालायचं. हाताला येईल तेवढंच घ्यायचं, वरचं वेलीला राहू द्यायचं. विळा तर लावायचाच नाही.

आणि एक रीत होती. गावात कुणी पोटुशी असली की पहिला मोहर तिच्या घरी जायचा. तिनं मागायचा नाही, आपण बोलून दाखवायचं नाही. सकाळी पानात गुंडाळून उंबऱ्याशी ठेवायचा आणि चालू लागायचं. माझ्या लेकीच्या वेळी आमच्या उंबऱ्यावर इतका मोहर जमला की सासूबाई म्हणाल्या, "आता पोरगी बी आशीच बारीक मण्यावानी व्हायची." झालीही तशीच. पुढं मीही गावभर मोहर पोचवला. जिच्याशी बोलणं नव्हतं तिच्याही उंबऱ्याशी ठेवून आले.

मग शहरातल्या काही मंडळींनी रानभाज्यांचा धंदा काढला आणि आमच्या बचत गटाला ऑर्डरी यायला लागल्या. गटाची अध्यक्ष मीच. बायकांच्या हातात स्वतःचे चार पैसे आले, कुणी मोबाईल घेतला, कुणी दात बसवून घेतले. त्याचा मला राग नाही, उलट बरंच वाटलं. राग येतो तो त्यांच्या फर्माइशींचा. कुर्डू एका उंचीचं हवं. भारंगीच्या पानाला भोक नको. अहो, किडा खातो म्हणजे पान चांगलं असणार ना? पण फोनवर ऑर्डर देणाऱ्या बाईला ते पटेना. "ग्राहकांना आवडत नाही, ताई." ग्राहकांना रानातलं हवं, पण रानातल्यासारखं दिसायला नको.

त्यात भोरला रानभाज्यांचा महोत्सव ठरला. निरोप आला की चाईचा मोहर वेलीसकट पाठवा, स्टॉलला तोरणासारखा लावायचाय. मी म्हटलं, वेल कापायची नसते. फोनवरची बाई म्हणाली, "बघा ना काहीतरी." आणि गटातल्या बायकांनी माझ्या माघारी बघितलंच.

त्याच वर्षी पुण्याला दिलेली माझी लेक सातव्या महिन्यात घरी आली होती. पोटात अन्न ठरेना तिच्या. भात नको, भाकरी नको, वरणाचा वास नको. गालफडं बसलेली. बिचारी रोज सकाळी उठून आधी दार उघडायची आणि उंबऱ्याकडं बघायची. मला म्हणायची, "आई, यंदा मोहर उशिरा हाय का गं?" मी म्हणायचे, असंल. शेवटी एका सकाळी मीच ओढ्याकडच्या बांधावर गेले. वेल बुडातून विळ्यानं कापलेली. शेजारची, त्याच्या शेजारची, सगळ्या तशाच. 

मग घरोघर फिरले. आयुष्यात पहिल्यांदा मोहर मागत फिरले. आमची धाकटी जाऊ दारातच म्हणाली, "अगं बया, ध्यानातच न्हाई आलं. समदा क्रेटात भरला की." आणि वर म्हणते, "तुजी लेक तर पुण्याची. तिला तिथं मिळंल पाकिटात." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

महोत्सवाचा माल नेणारा टेम्पो फाट्यावर उभा होता, निघायच्याच बेतात. टेम्पोवाला म्हणाला, "काकू, पॅक झालंय, आता काढता येत नाही." मी मागं चढले आणि मोहराचं एक पाकीट उचललं. तो बाजूला झाला. माझा चेहराच तसा असणार.

पण माल आदल्या दिवशी भरलेला, बर्फावर ठेवलेला. तुरे काळपट पडले होते. तरी मी केली भाजी, खोबरं जरा जास्तच घातलं. लेकीनं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"आई, ही आपली न्हाई."

"अगं, आपल्याच बांधावरची हाय."

"न्हाई गं. असू दे. पुढच्या वर्षी बाळाला घिऊन येते, तवा कर." तीच माझी समजूत घालत होती. मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

दिवाळीनंतर नवी ऑर्डर आली. आता चाईचे कंद हवे होते. बुडातून कापलेली वेल कंदातून परत फुटते, म्हणून मी जरा निर्धास्त होते. कंदच उपटले तर काय फुटणार? मी बैठकीत नाही म्हटलं. "रान काय तुज्या बापाचं हाय का?" असं जावेनंच विचारलं. बाकीच्यांनी ऑर्डर घ्यायचं ठरवलं. अध्यक्षपद तिथंच सोडलं आणि दुसऱ्या सकाळी कुदळ घेऊन बांधावर गेले. त्यांच्या आधी मीच एक कंद उकरला आणि आमच्या न्हाणीमागं लावला. बाकीचे सगळे उपटून टेम्पोत गेले. रानात आपोआप येणारी वस्तू मी न्हाणीच्या पाण्यावर वाढवत आणि कोंबड्यांपासून राखत बसले. येणारी-जाणारी हसायची.

यंदा वेल आली. श्रावण संपताना मोहरही आला, फार नाही, एका माणसापुरता. लेक बाळाला घेऊन आली होती. रोज वेलीखाली उभी राहून बाळाला तुरे दाखवायची आणि उद्या करू, परवा करू म्हणायची.

आणि गावात पोटुशी एकच. धाकट्या जावेची सून.

मी लेकीला काही सांगितलं नाही. तीच संध्याकाळी म्हणाली, "आई, तिच्याकडं कुणी ठिवला न्हाई अजून." मी म्हटलं, "कुठनं ठिवतील? हाय कुणाकडं?" तिनं मान वळवून न्हाणीमागच्या वेलीकडं बघितलं.

सकाळी हाताला येईल तेवढा मोहर काढला. वरचे दोन तुरे वेलीला ठेवले. पानात गुंडाळला आणि जावेच्या उंबऱ्याशी ठेवला. राग गेला असं कुणी समजू नये, तो आहे तिथंच आहे. मागं कडी वाजली, दार उघडलं. मी वळले नाही. घरी आले आणि लेकीसाठी दोडका चिरायला घेतला.