थुप्तेनसाठी ठेवलेली नव्वद सेकंदं

पद्माला सिडनीच्या टूनगॅबीत पहिल्यांदा भेटणारा मराठी माणूस तिचा चेहरा बघून आधी इंग्रजी झाडतो. मग ती म्हणते, "कायले त्रास घेऊन राहिले, मराठीत बोला ना." झालं! माणूस तोंडात बोटच घालतो. आता यात एवढं नवल ते काय? गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, ती काही कालपरवाची नाही. पद्मा तिथे जन्मली, अर्जुनी-मोरगावच्या शाळेत शिकली, थंडीत आईबापांबरोबर नागपूरच्या फुटपाथवर स्वेटर विकायला बसली. मग नर्सिंग, मग स्टुडंट व्हिसावर सिडनी, आणि आता पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेऊन वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नोकरी. मोमो वळून वळून हात असा बसलाय की तिच्यासारख्या मोदकाच्या कळ्या तिथल्या मराठी मंडळात कुणालाच जमत नाहीत. गणपती आले की सगळ्यांना पद्मा आठवते.

मंडळाची सेक्रेटरी मंजिरी, पुण्याची, पॅरामॅटाला आयटीत. बोलायला मोठी गोड. दोन हजार वीसमध्ये पद्मा कोरोना पॉझिटिव्ह निघाली, घरात एकटी अडकली, तेव्हा रोज दाराशी डबा ठेवून जाणारी हीच मंजिरी. तेव्हापासून पद्माचा तिच्यावर डोळे मिटून विश्वास. म्हणून तर थुप्तेनचं तिने आधी मंजिरीलाच सांगितलं.

थुप्तेन म्हणजे पद्माचा मावसभाऊ. तिची आई लहानपणी बापाच्या पाठीवर बसून हिमालय ओलांडून आली, मावशी मागे तिबेटातच राहिली. त्या मावशीचा हा एकुलता एक. गुन्हा काय, तर शाळेला सुट्टी असताना गावातल्या पोरांना तिबेटी लिहायला-वाचायला शिकवलं. एवढ्यासाठी चिनी पोलिसांनी उचलून नेला, आणि कुठे ठेवलाय तेही कुणी सांगेना.

"अगं, मग आपला खासदार कशाला आहे?" मंजिरी म्हणाली. निवडणुकीत तिने त्याची पत्रकं वाटली होती, त्याच्या ऑफिसात तिची ऊठबस होती. दुसऱ्या देशात माणसांचा छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांना ऑस्ट्रेलियात पाऊल टाकू देऊ नये, असा कायदा हवा म्हणून तेव्हा बरीच मंडळी मागे लागली होती. खासदाराने पार्लमेंटमध्ये नव्वद सेकंदांचं निवेदन करायचं, त्या कायद्याला पाठिंबा द्यायचा, तिबेटचं सांगायचं आणि थुप्तेनचं नाव घ्यायचं, असं ठरलं. परदेशच्या पार्लमेंटमध्ये नाव निघालेल्या कैद्याला मारताना जेलवाल्यांचा हात जरा आखडतो, असं गोठणगावात सगळेच मानतात.

पण नाव घ्यायचं तर मावशीला विचारायला हवं. एका व्यापाऱ्याच्या फोनवरून तिचा निरोप आला, "घ्या नाव. लपवून पोरगा सुटत नाही, बघितलं मी." त्यानंतर तो फोन बंद पडला तो पडलाच. मावशीने काय पणाला लावलं, ते पद्माने मंजिरीच्याच गराजमध्ये तिला रडत रडत सांगितलं होतं.

आणि गराजमध्ये काय चाललं होतं? टिफिन! एकवीसच्या लॉकडाऊनमध्ये कॅफेतली कामं गेलेली आपली स्टुडंट पोरं उपाशी राहू नयेत म्हणून मंडळ वरणभाताचे डबे करायचं. पद्मा शिफ्ट संपवून, मास्कचे वळ गालावर घेऊन, तिथे डबे भरायला यायची. पुण्याचंच काम ते, कोण नाही म्हणतंय!

ठरलेल्या दिवशी मंडळाने सगळ्यांना झूमवर बसवलं. लॉकडाऊनमुळे खासदार घरूनच व्हिडिओवर पार्लमेंटमध्ये बोलणार होता. पद्माने गोठणगावला कळवून ठेवलं होतं, आणि तिकडे आमा, म्हणजे तिची आई, सकाळीच दिवा लावून जपमाळ घेऊन बसली होती.

खासदार बोलायला लागला. लॉकडाऊन, माणुसकी, मराठी मंडळ, गरम वरणभात. पद्माला वाटलं, प्रस्तावना असेल. मग त्याने मंडळातली नावं घेतली. मंजिरी, शंतनू, मयूरा, "आणि आपल्या फ्रंटलाइन नर्स, पद्मा." म्हणजे आता येईल, आता येईल, म्हणून ती स्क्रीनला डोळे लावून बसली. सभापतींनी वेळ संपल्याचं सांगितलं. झूमवर टाळ्याच टाळ्या. "पद्मा, पार्लमेंटमध्ये नाव गाजलं की तुझं! पार्टी पाहिजे!"

तिने मंजिरीला फोन लावला.

"अगं, सोमवारी ऑफिसातून कॉल आला होता," मंजिरी म्हणाली. "या सेशनला एकच स्लॉट आहे म्हणाले. टिफिन की तिबेट, तुम्हीच ठरवा. आता लोक इतके राबलेत, त्यांना काहीतरी रेकग्निशन नको? आणि तिबेट म्हणजे जरा पॉलिटिकल होतं ना. मंडळाला कशाला त्यात ओढायचं?"

"मले विचारलं कायले नाही?"

"तू शिफ्टला होतीस. आणि तुझं नाव मीच घालायला लावलं हं, विसरतील म्हणून दोनदा फोन केला. नो वरीज गं, थुप्तेनचं पुढच्या सेशनला करू."

"माझ्या मावशीनं जीव टांगणीला लावला, मंजिरी. तुले माहीत होतं. सगळं माहीत होतं, अन् तू डबे निवडले!"

"तू ना, फार पर्सनली घेतेस," मंजिरी म्हणाली.

परकं कुणी असतं तर पद्मा दोन शिव्या हासडून मोकळी झाली असती. पण आजारपणात जिच्या हातचं खाल्लं, तिनेच केसाने गळा कापला, त्याला काय म्हणायचं? तिने फोन कट केला. मंडळाच्या ग्रुपवर तिच्या अभिनंदनाचे मेसेज येतच होते.

तेवढ्यात गोठणगावचा व्हिडिओ कॉल आला. आमाच्या मागे शेजारपाजारच्या बायका दाटीवाटीने उभ्या होत्या, सगळ्यांच्या नाकावर मास्क.

"घेतलं का गं नाव?" आमाने विचारलं.

पद्माला खोटं बोलता येईना आणि खरं तोंडातून निघेना.

"घेतलं, आमा," ती शेवटी म्हणाली. "माझं घेतलं."

आमाला ती थट्टाच वाटली. मागे वळून बायकांकडे बघत ती हसली.

"तुझं कशाला घेतील गं? तू काय तुरुंगात आहेस?"