माझ्या करंगळीच्या सोयीचा एडिटर

संगणकावर प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये ‘सेव्ह’च्या कळीवर ‘अनडू’ बसवायची अक्कल मी पाजळली, तेव्हा मी चाळिशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आता नात दिवसभर प्रोग्रॅमच्या अक्षरांचे रंग बदलत बसते, तेव्हा मी तिला काही बोलत नाही. तिच्या आजीनं तर कळाच फिरवल्या होत्या.

मी कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होते. मशिननं लोखंड कुठं, किती कापायचं ते ओळीओळीनं लिहून द्यायचं, हे आमचं काम. संगणक सगळ्यांत मिळून एक, पण त्यातला एडिटर मी माहेरून आणल्यासारखा वापरायची. मागं काळा रंग, अक्षरं पोपटी. दोन अक्षरं दाबली की सुरुवातीच्या सगळ्या ओळी आपोआप उमटायच्या. या बाईसाहेबांना वाटायचं, आपण विमानच चालवतोय. मग फाईल आपोआप सेव्ह होईल अशी सोय केली आणि सेव्हचं कंट्रोल-एस मला रिकामटेकडं दिसायला लागलं. माझ्या चुका भरपूर. म्हणून शेवटचं लिहिलेलं पुसायचं काम त्याच्या गळ्यात बांधलं. सांगितलं मात्र कुणालाच नाही.

पुढं पुतणीच्या लग्नाला सुट्टी घेतली. माझ्या जागी नवा सहकारी बसला. दोन लेकरांचा बाप, अजून कायम झालेला नव्हता. त्या दिवशी एक प्रोग्रॅम त्यानं एकट्यानं लिहायचा आणि संध्याकाळी तो बघून साहेब त्याला ठेवायचं की नाही ते ठरवणार होते.

मंगळवार पेठेतल्या मंगल कार्यालयात पंगत बसली आणि त्याचा फोन आला.

“वहिनी, लिवलेलं पुसतंय.”

“म्हणजे?”

“दोन वळी लिवतोय, सेव्ह करतोय, की गेल्या. सकाळधरनं ह्येच चाललंय.”

मला तिथंच उमगलं. आणि हुशार बाई काय बोलल्या? “बंद करून चालू करा.” फोन ठेवला, जिलेबी उचलली. ती तशीच पानात परत ठेवली. खरं तर पुन्हा फोन करून सांगता आलं असतं, पण साहेबांपुढं त्याची बाजू कोण घेणार? शालू खोचला आणि नथीसकट स्कूटीवरून कागल गाठलं.

त्यानं मॉनिटरच्या कपाळाला जोतिबाचा गुलालही लावून बघितला होता. मागं साहेब हाताची घडी घालून उभे.

“यांना चार ओळी टिकवता येईनात,” साहेब म्हणाले.

“त्यांची चूक नाही, साहेब. कळ मी फिरवलीय.”

“का?”

“माझ्या करंगळीला सोयीचं पडतं.”

“मग पुढच्या महिन्यापासून पगार करंगळीलाच देऊ?”

मी कीबोर्ड पुढं ओढला. सगळ्या कळा होत्या तशा केल्या. संध्याकाळपर्यंत त्यानं प्रोग्रॅम पुरा केला, मशिननं पहिला भाग बिनचूक कापला आणि साहेबांनी तिथंच त्याला कायम केल्याचं सांगितलं.

मला फार ओशाळल्यासारखं झालं होतं. म्हटलं, “रविवारी बायको-पोरांना घेऊन घरी जेवायला या. तांबडा-पांढरा रस्सा करते.”

मॉनिटरवरचा गुलाल रुमालानं पुसत तो म्हणाला, “येतो की वहिनी. पर आधी येवढं सांगा, तुमच्यात मिठाच्या डब्यात मीठच असतंय न्हवं?”